नॅरोबोटीवर उन्हाळा: शांत जागा कुठे मिळते आणि कशी टिकते

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याचं एक जोडपं, दोघंही संगणकावर काम करणारे, गेल्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये ५७ फुटी नॅरोबोट, म्हणजे कालव्यांवरची लांब अरुंद बोट, घेऊन तिच्यावर राहायला गेलं. बोट बांधायला कायमची जागा घेतलेली नाही, ती सध्या मध्य इंग्लंडमधल्या ब्रॉन्स्टन गावाच्या आसपास असते. ते विचारतात: ‘जून ते ऑगस्ट निवांत राहता येईल अशी जागा सांगा. एका ठिकाणी किती दिवस थांबता येतं? उकाड्याचं काय करायचं? आणि जुलैत आई-बाबा येणार आहेत, त्यांना बोटीवर ठेवावं का?’

आधी परवान्याचं बोलू, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. कायमची जागा नसेल तर तुम्ही नियमाच्या भाषेत ‘कंटिन्युअस क्रूझर’. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार अशा बोटीने खरोखर प्रवास करत राहायचं आणि एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. ‘परिस्थितीनुसार वाजवी असेल तर जास्त’ अशी सवलत त्यात आहे, पण ती इंजिन बिघडलं, आजारपण आलं, पुढचं लॉक (बोटीला वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारी, दोन्हीकडे दारं असलेली पाण्याची कोठी) बंद पडलं अशा वेळेसाठी. अशी अडचण आली तर कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टला त्याच दिवशी कळवा आणि कळवल्याचा ईमेल जपून ठेवा. ‘इथलं पाणी फार शांत आहे हो’ हे कारण चालत नाही. ट्रस्टची माणसं काठाने चालत येऊन बोटींचे नंबर टिपत असतात, त्यामुळे कुणाला कळणार नाही या भ्रमात राहू नका. दोन पुलांच्या मध्ये पुढे-मागे करत वर्ष काढणंही धरलं जात नाही. वर्षभरात निदान २० मैलांचा टापू तरी फिरलेला दिसायला हवा, असं धरून चाला. शिवाय २०२४ पासून कायमची जागा नसलेल्यांना परवान्यावर वाढीव आकार लागू झाला आहे आणि तो टप्प्याटप्प्याने चढतो आहे. पुढच्या वर्षाच्या खर्चात तो धरून ठेवा.

म्हणजे तीन महिन्यांसाठी एक जागा काठावर फुकट मिळणार नाही. ती हवीच असेल तर एखाद्या शेतकऱ्याची पलीकडच्या काठावरची जागा किंवा मरिना, म्हणजे बोटींच्या तळावरची जागा, भाड्याने घ्यावी लागते. मरिनात वीज आणि नळ असतो, हे खरं. पण तिथे बोटीला बोट लागून उभी असते आणि शनिवारी सकाळी शेजारचा माणूस पॉलिश करायचं यंत्र सुरू करतो. शिवाय बहुतेक मरिनांमधली जागा कायम राहण्यासाठी नसते, आठवडी सुट्टीपुरती असते. करार नीट वाचा. माझं मत विचाराल तर पैसे खर्च करू नका. तीन महिन्यांत सहा पंधरवडे येतात. सहा चांगल्या जागा शोधा.

आता कालवा कोणता? लँगॉलेनचं नाव तुम्हाला दहा जण सांगतील. १८०५ चा पाँटकसिल्टे जलसेतू, ३८ मीटर उंचीवरून बोट न्यायची, जागतिक वारसा वगैरे सगळं खरं आहे आणि एकदा जाऊन याच. पण जुलै-ऑगस्टमध्ये तो भाड्याच्या बोटींनी भरलेला असतो. आठवड्याच्या सुट्टीत सगळं पाहून परत फिरणारी मंडळी, त्यातली अर्धी पहिल्यांदाच सुकाणू धरलेली. केनेट अँड एव्हनचा बाथ ते ब्रॅडफर्डचा पट्टा सुंदर आहे, पण तिथे राहत्या बोटींचीच इतकी गर्दी की काठ रिकामा दिसला तर आधी शंका घ्यावी. लंडनचं नावही काढू नका. दक्षिण ऑक्सफर्ड कालवा तुमच्या अगदी जवळ आहे आणि मला फार आवडतो, पण एप्रिल-मेमध्ये. त्याच्या माथ्यावरचा नॅप्टन ते क्लेडन हा पट्टा पाण्याच्या बाबतीत गरीब. दोन्हीकडे लॉक उतरत जातात आणि प्रत्येक बोट उतरताना माथ्यावरचं पाणी खाली नेते. उन्हाळा कोरडा गेला की लॉकच्या वेळा कमी होतात. ऑगस्टमध्ये क्रोप्रेडीला मोठा संगीत महोत्सव असतो, तेव्हा तिथे दोर टाकायलाही जागा मिळत नाही.

तुम्ही ॲशबीला जा.

ॲशबी कालवा बेडवर्थजवळच्या मार्स्टन जंक्शनला कॉव्हेंट्री कालव्यातून फुटतो आणि २२ मैल वळणं घेत स्नॅरस्टोनपर्यंत जातो. वाटेत एकही लॉक नाही. कोळशासाठी बांधलेला हा कालवा १८०४ मध्ये पुरा झाला. पूर्वी तो आणखी आठेक मैल पुढे जात असे, पण खाणींमुळे जमीन खचत गेली आणि वरचा भाग सोडून द्यावा लागला. आता तो पुढे कुठेच जात नाही, आणि आपल्याला हवं आहे ते नेमकं हेच. ज्याला कुठेतरी पोहोचायची घाई आहे तो इकडे वळत नाही. ब्रॉन्स्टनहून यायला हिलमॉर्टनची तीन लॉक आणि हॉक्सबरीचं एक नावापुरतं लॉक, एवढंच. सकाळी लवकर निघून आरामात चाललात तर दोन दिवसांचं काम. हिलमॉर्टनला शेजारी-शेजारी जोडलॉक आहेत, तरी सुट्टीच्या शनिवारी रांग लागते, मंगळवार-बुधवार गाठा.

ॲशबीचा आणखी एक फायदा नकाशा नीट पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. हिलमॉर्टनच्या पायथ्यापासून हॉक्सबरीपर्यंतचा उत्तर ऑक्सफर्ड, तिथून ॲदरस्टोनच्या पहिल्या लॉकपर्यंतचा कॉव्हेंट्री कालवा आणि अख्खा ॲशबी हे जवळजवळ एकाच पातळीवर आहेत. हॉक्सबरीला पाण्यात जो फरक पडतो तो इंचांत मोजावा एवढाच. २०२५ च्या दुष्काळी उन्हाळ्यात लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग बंद ठेवावा लागला आणि तिथल्या लोकांना महिनोन्‌महिने एकाच टप्प्यात अडकून पडावं लागलं. बंदी येते ती मुख्यतः लॉकवर. तुम्ही या लांबलचक समपातळीवर असाल तर दोन्ही टोकांची लॉक बंद झाली तरी मध्ये हिंडायला पुष्कळ मैल उरतात. पंधरवड्याचा नियमही पाळला जातो आणि पाण्याचा नळही गाठता येतो. ट्रस्टच्या बंदीच्या सूचना ईमेलवर मागवून ठेवा, त्या फुकट असतात.

जाताना तीन मुक्काम, येताना तीन वेगळे. प्रत्येक वेळी पाच-सहा मैल सरकायचं. हिंकलीला रेल्वे स्टेशन आहे आणि तिथून लेस्टर किंवा बर्मिंगहॅमची गाडी मिळते, म्हणजे ज्या आठवड्यात ऑफिसात तोंड दाखवायचं असेल तो मुक्काम हिंकलीच्या अलीकडे-पलीकडे घ्या. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर कढीपत्ता, ओली हळद, ताजी मेथी, सगळं मिळतं. जूनच्या सुरुवातीला गेलात तर आंब्याच्या पेट्याही. पुढे स्टोक गोल्डिंग, सटन चेनी, मग मार्केट बॉसवर्थ. १४८५ मध्ये तिसरा रिचर्ड ज्या लढाईत पडला ती बॉसवर्थची रणभूमी या कालव्याला लागूनच आहे. त्याची हाडं २०१२ मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली सापडली ही बातमी तुम्ही वाचली असेलच. शॅकरस्टोनला हौशी लोकांनी चालवलेली जुनी रेल्वे आहे, सुट्टीच्या दिवशी वाफेचं इंजिन शिट्ट्या मारत जातं. काहींना त्याचा त्रास वाटतो. मला नाही वाटत. कार्लटन पुलापासून स्नॅरस्टोनपर्यंतचं पाणी त्यातल्या वनस्पतींसाठी आणि चतुरांसाठी संरक्षित आहे, तिथे वेग आणखी कमी ठेवा. मुळात सगळ्या कालव्यावर मर्यादा ताशी चार मैलांचीच, आणि बांधलेल्या बोटीजवळून जाताना इंजिन निव्वळ धुगधुगतं ठेवायचं.

आता नेमका काठ कसा निवडायचा ते. पब, पाण्याचा नळ, गाडीरस्त्याचा पूल आणि लॉक या चार गोष्टींपासून प्रत्येकी निदान दहा मिनिटं चालावं लागेल अशी जागा बघा. पबवाल्या काठावर रात्री अकराला लोक बोटीच्या खिडकीशी गप्पा मारत उभे राहतात. नळाजवळ दर तासाला एक बोट इंजिन चालू ठेवून थांबते. पुलावरून येणारी पोरं, फेकलेले खडे, सायकलींची घंटा, हे सगळं पुलापासून दोनशे पावलांत असतं आणि त्यापुढे एकदम विरळ होतं. वळणावर बोट लावू नका. बोट फिरवायच्या रुंद जागेत तर मुळीच नको, तिथे मनाईच आहे. गावाजवळच्या काठांवर ४८ तासांची वगैरे पाटी असते, ती वाचा. १४ दिवस सगळीकडे लागू नसतात.

ॲशबीची खोड एकच: काठ उथळ आहे. जागा आवडली म्हणून पुढचं टोक आत घालाल आणि मागचं टोक दीड मीटर बाहेर राहील. मग फळी टाकून चढ-उतार करायची तयारी ठेवा, नाहीतर जिथे काठाला लोखंडी पत्रा ठोकलेला आहे तिथे लावा. पत्रा असेल तर आकडे अडकवायचे, खुंटे ठोकायची गरज नाही, शिवाय पाणीही बहुतेक खोल असतं. मऊ मातीत मात्र खुंटेच. खुंटा बोटीपासून उलट दिशेला झुकवून ठोका. माती फारच भुसभुशीत असेल तर एका खुंट्याच्या कडीतून दुसरा तिरपा ठोका. खुंट्याच्या डोक्यावर पांढरी प्लास्टिकची बाटली उपडी घाला, म्हणजे पहाटे धावणारा कोणी अडखळून पडणार नाही.

दोराचं जरा सविस्तर सांगते, कारण शांत झोप ही जागेइतकीच दोरावर अवलंबून असते. शेजारून बोट जाते तेव्हा ती पाणी आधी पुढे ढकलते आणि मग मागे ओढून घेते. त्याबरोबर तुमची बोट आधी एका दिशेला सरकते, मग दुसऱ्या. पुढचा आणि मागचा दोर काटकोनात आखूड बांधला असेल तर प्रत्येक वेळी खुंट्याला हिसका बसतो, आणि दहाव्या बोटीला खुंटा हातात येतो. दोर लांब आणि तिरपे ठेवा: पुढचा पुढे, मागचा मागे. त्यात एक तिसरा दोर घाला, मागच्या टोकापासून पुढच्या दिशेला काठावर नेलेला. या तिघांनी मिळून पुढे-मागेचं सरकणं जवळजवळ थांबतं. छताच्या मध्यावरचा दोर फक्त बोट लावताना धरायला. रात्रभर त्यावर बांधली तर प्रत्येक लाटेला बोट वरून ओढली जाऊन डोलते आणि कपाटातले कप वाजत राहतात. आणि दोर ताणून ठेवू नका. उन्हाळ्यात पातळी रात्रीतून चार बोटं खाली जाऊ शकते. तशा वेळी घट्ट बांधलेली बोट काठाला लटकते आणि सकाळी बिछान्यातून घरंगळत जागे होता. झोपायच्या आधी दोर एकदा हाताने चाचपायची सवय लावा.

उकाडा. तुमची बोट पोलादाची आहे. इथला २०२२ चा जुलै आठवा, कोनिंग्जबीला ४०.३ अंश झालं होतं. एवढं दरवर्षी होत नाही, पण २८ अंशांतही दुपारी चारला छतावर हात ठेववत नाही. झाडाखाली लावावी तर सौर पट्ट्या उपाशी. बारा व्होल्टचा फ्रीज दिवसाला ४० ते ५० अँपिअर-तास खातो, वर तुमचे दोन लॅपटॉप आणि राउटर, म्हणजे ऊन हवंच आहे. यातून मार्ग असा की पश्चिमेला झाडं किंवा उंच कुंपण असलेला काठ शोधायचा. जूनमध्ये इथे पावणेपाचला उजाडतं आणि साडेनऊला सूर्य मावळतो. सकाळपासून दुपारपर्यंत पट्ट्या भरपूर कमावतात आणि चारनंतर, जेव्हा बोट खरी तापते, तेव्हा सावली येते. होकायंत्र मोबाइलमध्ये असतंच. दोर टाकायच्या आधी एकदा बघा. लिंडन आणि सिकॅमोर मात्र टाळा. त्यांच्यावरच्या माव्याचा चिकटा पट्ट्यांवर आणि रंगावर साचतो आणि घासून घासून हात दुखतात. वाळक्या फांद्यांखाली तर कधीच नको.

बाजूची झडप आणि छतावरचे झरोके रात्रभर उघडे ठेवा, आठ वाजता उन्हाच्या बाजूचे पडदे ओढून घ्या. खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चंदेरी पत्रा किंवा साधी पांढरी चादर लावली तर फरक जास्त पडतो, कारण काच तापायच्या आधीच ऊन अडतं. स्वयंपाक सकाळी आटपा. सात फुटांहून अरुंद नळीत संध्याकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या आणि वर फोडणी म्हणजे दहापर्यंत आत बसायला नको. आणि काहीही झालं तरी कोळशाची शेगडी आत किंवा झडपेशी आणू नका, विझलेली वाटली तरी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म २०१९ पासून सक्तीचा आहे, त्याचं बटण दाबून बघत जा.

पाणी आणि संडास हे शांततेचे खरे हिशेब. टाकी ५०० लिटरची असेल आणि दोघं जपून वापरत असाल तर दहा-बारा दिवस जातात. कॅसेटचा (बाहेर काढून रिकाम्या करायच्या डब्याचा) संडास दोघांना तीन-चार दिवस पुरतो, म्हणून जादाची एक कॅसेट घेऊन ठेवा. ॲशबीवर नळ आणि कॅसेट रिकामी करायची मलकुंडं मोजकीच आहेत, मुक्काम ठरवताना ते आधी नकाशावर खुणा करून घ्या. भरायला जायचं ते आठवड्याच्या मध्ये, सकाळी. इंजिन किंवा जनरेटर रात्री आठ ते सकाळी आठ चालवायचं नाही हा परवान्याचाच नियम आहे. ऊन कमी पडलं तर दुपारीच तास-दीड तास चालवून घ्या.

पहाटे पाचला बोटीच्या कुशीला कोणीतरी टकटक करतं आहे असं वाटेल. घाबरू नका, बदकं आहेत. पत्र्यावर वाढलेलं शेवाळ टोचून खातात, आणि ते झोपायच्या खोलीच्या बाजूलाच जास्त वाढतं असा माझा समज झाला आहे. जुलैअखेर काठाला गुलाबी फुलांची उंच झाडं दिसतील. ती बघून गौरी-गणपती आठवतील, कारण आपल्या तेरड्याचीच ती हिमालयातली बहीण. इथे १८३९ मध्ये बागेसाठी आणली आणि आता काठ गिळत सुटली आहे. शेंग पिकली की नुसत्या स्पर्शाने फुटून बी लांबवर उडतं, म्हणून तुम्हाला फुलं हवी असली तरी पिकल्या शेंगांची झाडं तोडून बोटीवर आणू नका. पुढच्या मुक्कामाला बी तुम्हीच पोहोचवाल.

पाण्यात डुंबायचा मोह आवरा. मुंबईत पावसाळ्यात ज्याची धास्ती असते तो लेप्टो इथेही उंदरांच्या मुतातून कालव्यात येतो. हाताला खरचटलं असेल तर दोर हाताळताना पट्टी लावा, ओला दोर ओढल्यावर हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना ‘बोटीवर राहतो’ हे आपणहून सांगा. डॉक्टरकडे नाव नोंदवायला कायमचा पत्ता लागत नाही, कोणी काउंटरवर अडवलं तरी हे ठामपणे सांगा.

राहता राहिले आई-बाबा. दिवसा बोटीवर, रात्री गावात, हे मी स्पष्टच सांगते. तुमची बोट ६ फूट १० इंच रुंद. मधल्या वाटेने एक माणूस गेला की दुसऱ्याने बसून घ्यायचं. मागच्या पायऱ्या उभ्या, रात्री संडासला उठायचं तर तुमच्या बिछान्यावरून जावं लागणार, आणि बाबांच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंच आहे. मार्केट बॉसवर्थला राहायच्या सोयी आहेत, जुलैची खोली आत्ताच धरून ठेवा आणि त्या पंधरवड्याचा मुक्काम तिथल्या पत्रा ठोकलेल्या काठावर घ्या, म्हणजे फळीवरून चढायला नको. आईंना चढताना हात द्यायचा तो काठावरून नाही, बोटीतून. आणि एक पाय काठावर, एक बोटीवर अशा अवस्थेत फोटो काढायला कोणी थांबणार नाही एवढं बघा. बाबांना सुकाणू जरूर धरू द्या. ॲशबीवर लॉक नाहीत, समोरून क्वचितच कोणी येतं, आणि वळणं इतकी आहेत की तासभर ते दुसरं काही बोलणार नाहीत.